यंत्राचे बिऱ्हाड हलविताना

घरातील एखादी खोली थंड करणे म्हणजे त्या खोलीतील उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकणे होय. वातानुकूलन यंत्र याहून निराळे काही करीत नाही. उचललेली उष्णता कोठे टाकली जाणार, हा प्रश्न मात्र यंत्र विकत घेताना सहसा कोणी विचारीत नाही. दुकानात चर्चा होते ती टनांची, ताऱ्यांची आणि हप्त्यांची. पुढे चैत्र सरतो, वैशाखाचा वणवा पेटतो. संध्याकाळी अंगणात सडा टाकून खुर्च्या मांडल्या जातात, घरातील वडीलधारी मंडळी येऊन बसतात, आणि भिंतीवरची ती पांढरी पेटी घोंघावू लागते. तिच्यातून निघालेला गरम झोत थेट तुळशीवर येतो. बोलणारा आवाज चढवितो, ऐकणारा कान पुढे करतो, आणि थोड्या वेळाने एकेक जण उठून आत जातो. आत गार असतेच. अंगण मात्र त्या घराच्या हातून गेलेले असते.

पेटी अंगणात आली कशी, याचे कारण पुष्कळदा फार साधे असते. यंत्राबरोबर मिळणारी तांब्याची नळी साधारणतः तीन मीटर लांबीची असते आणि जादा नळीचे जादा पैसे पडतात. बसविणाऱ्या कारागिराला त्याच दिवशी आणखी चार घरे करावयाची असतात. तो आतील यंत्राच्या पाठीमागची भिंत फोडतो, आणि पलीकडे जी मोकळी जागा सापडेल तेथे पेटी टांगून मोकळा होतो. झोपण्याच्या खोलीमागे बहुधा अंगण किंवा परसच असते. घरच्या माणसांनी संध्याकाळी कोठे बसावे, हे अशा रीतीने तीन मीटर नळीने ठरविलेले असते.

या यंत्राचा जन्म मुळात माणसांच्या सुखासाठी झालेला नाही. १९०२ साली न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि एकावर एक छापलेले रंग जागच्या जागी बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील दमटपणा काबूत ठेवणाऱ्या यंत्राचा आराखडा केला. छापखान्यात आधीच एवढा खडखडाट, तेथे आणखी एका यंत्राच्या आवाजाची तक्रार कोण करणार? पुढे हे यंत्र खिडकीत बसण्याइतके लहान झाले, तेव्हा मात्र त्याचा गोंगाट अंथरुणाशी येऊन ठेपला. म्हणून त्याचे दोन भाग करण्यात आले. हवा थंड करणारा शांत भाग खोलीत राहिला. कॉम्प्रेसर, मोठा पंखा आणि उष्णता सोडणारी नळ्यांची जाळी हे सारे बाहेरच्या पेटीत गेले. खोलीतील गोंगाट कमी झाला तो असा, बाहेर पाठवून.

ही पेटी किती उष्णता बाहेर टाकते, याचा हिशेब उद्बोधक आहे. एक टन हे माप बर्फाच्या काळातील आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात उचलणारे यंत्र एक टनाचे. आजच्या मापाने हे सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. म्हणजे दीड टनाचे यंत्र पूर्ण जोराने चालत असता खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उचलते, त्यासाठी सुमारे दीड किलोवॅट वीज खाते, आणि ही दोन्ही मिळून जवळजवळ सात किलोवॅट उष्णता बाहेर फेकते. एक किलोवॅटच्या सात विजेच्या शेगड्या अंगणात ओळीने पेटवून ठेवाव्यात, त्यातला हा प्रकार. तुळस का करपते हे यावरून समजावे. तेव्हा यंत्र हलविण्याचा विचार आवाजामुळे सुचला असला तरी उष्णतेचाही विचार त्याबरोबर करावाच लागतो.

आता आवाजाविषयी. बाहेरच्या पेटीच्या आवाजात तीन-चार सूर मिसळलेले असतात. पंख्याच्या पात्यांचा सूंसूं आवाज असतो, कॉम्प्रेसरचा खालच्या पट्टीतील गुणगुणाट असतो, पत्र्याची थरथर असते; आणि सर्वांत फसवा तो भिंतीतून जाणारा कंप. पेटी ज्या लोखंडी कोनांवर टांगलेली असते ते कोन भिंतीत घट्ट रोवलेले असतात. कॉम्प्रेसरचा हादरा त्यातून भिंतीत शिरतो आणि सतारीच्या भोपळ्याप्रमाणे भिंतच वाजू लागते. एकाच वेगाने चालणाऱ्या जुन्या यंत्रांत हा गुणगुणाट ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास असतो. इतक्या खालच्या स्वराची लहर साडेतीन ते सात मीटर लांब असते. अशी लहर छातीएवढ्या कुंपणाला जुमानत नाही. त्याला वळसा घालून पलीकडे जाते. वेलींचा मांडव घालून किंवा कुंड्यांची रांग लावून आवाज अडेल अशी पुष्कळांची समजूत असते. त्याने पेटी नजरेआड होते, आवाज जवळजवळ तेवढाच राहतो.

मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबेलने उतरतो. एका मीटरवर ५५ डेसिबेल असलेला आवाज दोन मीटरवर ४९, चार मीटरवर ४३ आणि आठ मीटरवर ३७ होतो. दहा डेसिबेलची घट कानाला साधारण निम्म्यासारखी वाटते. परंतु हे गणित मोकळ्या मैदानाचे आहे. पेटी एका भिंतीला लागून असली की परावर्तनामुळे सुमारे तीन डेसिबेल वाढतात, दोन भिंतींच्या कोपऱ्यात असली की सहा. चारी बाजूंनी बंदिस्त असलेल्या वाड्याच्या चौकात तर आवाज एका भिंतीवरून दुसरीवर आदळत राहतो, आणि दूर जाऊन बसल्यानेही फारसा फरक पडत नाही. पुणे, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या वाड्यांत ज्यांनी चौकात पेटी बसविली आहे त्यांना याचा प्रत्यय आलेला असेल. चौकात कुजबुजलेले माडीवर ऐकू जाते. मग यंत्राचे काय सांगावे!

वृद्धांना या घोंघाटाचा त्रास अधिक होतो. वयोमानाने प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात, आणि शब्द ओळखण्यास आवश्यक अशी कित्येक व्यंजने त्या उंच स्वरांतच असतात. उरल्यासुरल्यावर खालच्या पट्टीतील घोंघाट पसरला की शब्द कानावर पडतात पण उमजत नाहीत. मग आजोबा हल्ली कोणात मिसळत नाहीत, असे घरात म्हटले जाते.

यंत्र हलविण्यापूर्वी ते खरोखर हलविणे जरूर आहे काय, हे पाहावे. पाच-सात वर्षे चाललेल्या पेटीखालचे रबराचे ठोकळे उन्हाने दगडासारखे होतात, पत्र्याचे स्क्रू ढिले पडतात, पात्यांवर धुळीचे थर बसून पंखा तोल सोडून फिरू लागतो. यंत्र चालू असता पत्र्यावर तळहात दाबून धरावा; खडखड थांबली तर दोष स्क्रूंचा आहे. पेटी टांगलेल्या भिंतीला खोलीच्या आतून कान लावावा. तेथे गुणगुण स्पष्ट ऐकू आली तर दोष रबराचा आहे. जाळी धुळीने भरली असेल तर यंत्राला उष्णता टाकण्यासाठी अधिक झगडावे लागते आणि ते अधिक ओरडते. वेग कमीजास्त करणारे, ज्याला बाजारात इन्व्हर्टर म्हणतात, असे यंत्र असेल तर तापमानाचा आकडा थोडा वर ठेवणे हाही एक उपाय आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या ताऱ्यांच्या योजनेतील यंत्रे १ जानेवारी २०२० पासून सुरू करताच २४ अंशांवर येतील अशीच तयार करण्याचे बंधन आहे. त्याच आकड्यावर राहिल्यास कॉम्प्रेसर लवकर संथ होतो आणि त्याबरोबर आवाजही. अठरा अंश लावून वर पांघरूण घेणाऱ्यांनी अंगणातील आवाजाची तक्रार करू नये.

एवढे करूनही भागले नाही तर जागा बदलावयाची. येथे खरा विचार लागतो, म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणावे. समजा, नागपूरकडील एक बैठे घर आहे. पाठीमागे अंगण, त्याला लागून झोपण्याची खोली, पेटी त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर. दक्षिणेस चार फुटांची बोळ आणि तिच्या पलीकडे शेजाऱ्यांचे घर. पुढे व्हरांडा आणि रस्ता. वर सपाट गच्ची.

बहुतेकांच्या मनात प्रथम बोळ येते. ती जवळ आहे, कोणाच्या डोळ्यांत येत नाही, नळीही थोडीच वाढते. परंतु चारही जागांत हीच सर्वांत वाईट. दोन भिंतींच्या मध्ये कोंडलेली गरम हवा पेटी पुन्हा पुन्हा आत ओढून घेते. बाहेर ४५ अंश असता तिला त्याहून कितीतरी अधिक तापलेल्या हवेत उष्णता टाकावी लागते. वीज वाढते, थंडावा घटतो, आणि ऐन दुपारी यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडते. दुसरे असे की, बोळीच्या पलीकडे शेजाऱ्यांची खिडकी असते. ती दीड-दोन मीटरवर आली आणि दोन्ही भिंतींनी आवाज परतविला, तर त्या खिडकीशी तो ५५ डेसिबेलच्या घरात जातो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबेल अशी मर्यादा घातली आहे. पण नियमाचे पुस्तक उघडण्याची वेळ येईपर्यंत शेजार बिघडलेला असतो. आपले अंगण मोकळे करण्यासाठी दुसऱ्याची झोप घेणे, याला स्थलांतर म्हणता येत नाही. ज्या घरी आजारी माणूस असेल, तान्हे मूल असेल, परीक्षेस बसलेले मूल असेल, त्यांच्या खिडकीकडे तोंड करून लावलेली पेटी दहा वर्षांचे घरोबे एका उन्हाळ्यात संपविते.

पुढची, रस्त्याकडील बाजू त्या मानाने बरी. रस्त्याच्या वर्दळीत यंत्राचा आवाज विरून जातो आणि हवाही मोकळी असते. मात्र ती भिंत पश्चिमेची असेल तर दुपारचे ऊन नेमके यंत्राच्या कष्टाच्या वेळी त्यावर येते. आणि हाताला येईल अशा उंचीवरच्या तांब्याच्या नळ्या चोराला फार प्रिय असतात.

राहिली गच्ची. गच्चीविषयी दोन आक्षेप घेतले जातात. एक उन्हाचा आणि दुसरा हादऱ्याचा. दोन्ही खरे आहेत आणि दोहोंना उपाय आहे. तापलेल्या फरशीलगतची हवा टाळण्यासाठी पेटी दीड फूट उंचीच्या लोखंडी घडवंचीवर ठेवावी. वर चारी बाजूंनी उघडे असे जाळीचे किंवा पत्र्याचे छप्पर चालते; चोहोबाजूंनी बंद खोके मात्र कधीही करू नये, त्यात यंत्र गुदमरते. हादऱ्याचे म्हणाल तर पेटी स्लॅबच्या मधोमध ठेवू नये. मधला भाग ढोलाच्या चामड्यासारखा कंप पावतो. खालून भिंत किंवा तुळई गेली असेल अशा जागी, आणि शक्यतो न्हाणीघर अथवा जिना यांच्या डोक्यावर ती ठेवावी. घडवंचीच्या पायांखाली जाड रबर द्यावे. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे पडत असतील तर ती बाजू सोडावी. आता हिशेब पाहा. अंगणातील खुर्ची भिंतीवरच्या पेटीपासून तीन मीटरवर होती. तेथे आवाज पन्नासाच्या आसपास, म्हणजे सावकाश चाललेल्या बोलण्याइतका होता. गच्चीवरील जागा खुर्चीपासून आठ मीटर दूर, आणि मध्ये गच्चीचा कठडा. अंतरामुळे आकडा चाळिशीच्या खाली येतो, आणि पेटी दृष्टीआड असल्याने वरच्या पट्टीतील आवाज आणखी उतरतो. त्याच कठड्याचा लाभ शेजाऱ्यांनाही मिळतो. शिवाय दुरुस्तीस येणाऱ्या माणसाला पायाखाली जमीन मिळते. शहरांतून तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या कडेवर, कमरेला दोर न बांधता, एका हाताने खिडकीचा गज धरून काम करणारे कारागीर रोज दिसतात. त्यातले काही पडतात. जागा निवडतानाच त्या माणसाचा विचार झाला पाहिजे.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. समुद्रावरून येणारा खारा वारा ॲल्युमिनियमची नाजूक जाळी खाऊन टाकतो, म्हणून पेटी घराच्या आडोशाला, वाऱ्याच्या तोंडावरून दूर असावी. दिल्लीकडे हिवाळ्यात हीच यंत्रे उलटी चालवून खोली उबदार करतात. त्या वेळी बाहेरच्या पेटीतून पाणी गळते, तेही येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर पडणार नाही असे पाहावे.

जागा ठरली की काम सुरू होते, आणि हे काम घरच्या माणसाने करावयाचे नाही. नळ्यांत दाबाखाली भरलेला वायू असतो. जुन्या यंत्रांत आर-२२ असे. तो ओझोनच्या थराला मारक ठरला. पुढे आर-४१०ए आणि आर-३२ आले. यांचा दाब आर-२२च्या मानाने दीडपटीहून अधिक असतो, आणि आर-३२ थोडासा ज्वालाग्राही आहे. काही यंत्रांत तर आर-२९० म्हणजे प्रोपेनच असतो. तेथे ठिणगी आणि विडी दोन्ही वर्ज्य. पेटी सोडविण्यापूर्वी हा वायू तिच्यातच गोळा करून घेतात. यंत्र चालू ठेवून बारीक नळीची झडप बंद करावयाची. कॉम्प्रेसर आतील वायू ओढून पेटीत साठवितो. दाबाचा काटा शून्याजवळ आला की जाड नळीची झडप बंद करून त्याच क्षणी यंत्र थांबवावयाचे. येथे हयगय झाली आणि कोठून तरी हवा आत ओढली गेली, तर हवा आणि तेल एकत्र दाबले जाऊन कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. असे अपघात घडलेले आहेत. वायू हवेत सोडून देऊन पुन्हा भरू, असे म्हणणाऱ्या कारागिराला नम्रपणे निरोप द्यावा.

नळी नवी आणि एकसंध घेतलेली उत्तम. जुन्या तुकड्याला नवा तुकडा जोडणे स्वस्त पडते, पण प्रत्येक सांधा ही गळतीची संभाव्य जागा असते. लांबीला मर्यादा आहे. घरगुती यंत्रांत ती पंधरा-वीस मीटरच्या आसपास असते, आणि उंचीतील फरकालाही अशीच मर्यादा असते. निर्मात्याच्या पुस्तिकेत ते आकडे दिलेले असतात व तेच प्रमाण मानावेत. नळी वाढली की वायूही थोडा वाढवावा लागतो, दर जादा मीटरमागे साधारण पंधरा ते पंचवीस ग्रॅम, आणि तो तराजूवर मोजून भरावयाचा असतो. हात लावून नळी गार लागते का हे पाहून नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांत दोन्ही नळ्या थंड असतात, म्हणून दोहोंना निरनिराळे फोमचे आवरण हवे. गच्चीवरच्या उन्हात हा फोम दोन-तीन वर्षांत भुगा होतो, यासाठी त्यावर टेप गुंडाळावी किंवा नळ्या प्लॅस्टिकच्या पन्हळीतून न्याव्यात.

नळ्या जोडल्यावर त्यात नायट्रोजन दाबाने भरून साबणाच्या फेसाने सांधे तपासतात. त्यानंतर पंप लावून आतील हवा पूर्णपणे काढून टाकावयाची असते. याच टप्प्यावर सर्वांत अधिक लबाडी होते. पंप आणावयाचा कंटाळा, म्हणून थोडा वायू सोडून त्याच्या जोराने हवा बाहेर हाकलली की झाले, असे समजले जाते. परंतु हवेबरोबर आत राहिलेला ओलावा तेलात मिसळून आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसर आतून झिजत जातो. यंत्र त्या दिवशी चालते, त्या उन्हाळ्यातही चालते. वर्ष-दोन वर्षांनी बिघडते, तेव्हा कारण कोणाच्याच लक्षात येत नाही. घरमालकाने या वेळी स्टूल घेऊन जवळ बसावे आणि पंप निदान वीस मिनिटे चालला हे डोळ्यांनी पाहावे. विजेची तारही नव्या अंतराला पुरेल अशी अखंड घ्यावी, जोड देऊन लांबवू नये. आणि पेटीला जमिनीची तार, म्हणजे अर्थिंग, जोडल्याशिवाय बटण दाबू देऊ नये. लोखंडी घडवंची आणि पावसाचे पाणी यांची गाठ गच्चीवर पडणारच असते.

सदनिकांत राहणाऱ्यांना एवढे स्वातंत्र्य नसते. तेथे संस्थेची लेखी परवानगी घ्यावी, आणि पेटी इमारतीच्या बंदिस्त पोकळीत ढकलण्याचा सल्ला सहसा मानू नये. तळमजल्यापासून वरपर्यंत सर्वांनी आपल्या पेट्या त्या पोकळीत सोडल्या की वरच्या मजल्यांना खालच्यांची तापलेली हवा मिळते आणि आवाज धुराड्यातून चढावा तसा चढत जातो. सज्जात पेटी असेल आणि सज्जा काचेने बंद केला असेल, तर आधी काचा उघडाव्यात. कित्येकदा तेवढ्यानेच अर्धे दुखणे बरे होते.

काम पुरे झाल्यावर चाचणी दिवसा न घेता रात्री दहानंतर घ्यावी, वर्दळ थांबल्यावर. यंत्र पूर्ण जोराने लावावे, प्रथम अंगणात येऊन ऐकावे, मग खालच्या खोलीत निजून ऐकावे, आणि नंतर शेजाऱ्यांकडे जाऊन, त्यांची हरकत नसेल तर, त्यांच्या खिडकीशी उभे राहून ऐकावे. तेथे गुणगुण जाणवली तर पेटीचे तोंड थोडे फिरवून किंवा रबर बदलून पाहावे. कारागीर त्या आठवड्यात परत येईल असे आधीच बोलून ठेवावे, पैसे हातात पडल्यावर तो दुर्मिळ होतो. अंगणाच्या भिंतीत जुन्या कोनांची भोके आणि नळीचे मोठे भोक उरते, ती मृगापूर्वी सिमेंटने बुजवावीत, नाहीतर पहिल्या पावसात पाणी नेमके तेथूनच भिंतीत मुरते.